मामांच्या विमानाला उशीर झाला

आमच्या जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. लहानपणी गच्चीवरून विमानं दिसायची, पण इतकी उंचावरून जायची की आवाज कानावर येईपर्यंत विमान पुढे निघून गेलेलं असायचं. तरी आज माझं पोट विमानांवर चालतं. वेळेवर सुटणाऱ्या विमानांचा मला काही उपयोग नाही. उशिरा सुटणारी माझी.

चिखलीच्या बसस्टँडसमोर आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे सुनीलभाऊंचं. मी तिथे नोकरीला आहे. रेल्वे, ट्रॅव्हल्स आणि विमानाची तिकिटं, पासपोर्टचे अर्ज, फोटो, लॅमिनेशन, सगळं एका छपराखाली चालतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. मग काही काळ पुण्यात नोकरी केली. ती का सोडली ते इथे लिहिणार नाही. परत आल्यावर सुनीलभाऊंनी मला एवढंच विचारलं, "इंग्रजीत पत्र लिहिता येते ना?"

मी हो म्हटलं.

"भांडता येते?"

मी नाही म्हटलं.

"मंग लिहून भांडजो," ते म्हणाले आणि खिडकीजवळचं टेबल मला दिलं.

त्या दिवसापासून विमानाला उशीर झालेला, विमान रद्द झालेला, बॅग हरवलेला जो कोणी पंचक्रोशीत असेल तो माझ्या टेबलाशी येतो. लोकांना वाटतं की विमान उशिरा सुटलं म्हणजे कंपनीनं नोटा मोजून द्यायलाच हव्यात. तसं नसतं. विमान रद्द झालं, किंवा तिकीट हातात असून चढू दिलं नाही, तर भरपाईचे नियम आहेत. नुसता उशीर झाला तर खाणंपिणं द्यायचं. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसऱ्या विमानात जागा किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यांतलं काय हवं ते प्रवाशाला निवडू द्यायचं. धुकं, वादळ असं काही असेल तर कंपनीची जबाबदारी बरीच सुटते. म्हणून काही वेळा धुकं आकाशात नसतं, फक्त कंपनीच्या उत्तरात असतं.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बोर्डिंग पास आहे का? बहुतेकांनी तो फेकलेला असतो. एका बाईंनी देवघरात ठेवला होता, त्यावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं आणि नेमका विमानाचा नंबर कुंकवाखाली गेला होता. पहिल्यांदाच विमानात बसल्या होत्या, दुसरं काय करणार. मी ओल्या कापसानं हळूहळू नंबर मोकळा केला.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिलं पत्र रागानं लिहायचं नाही. लोक शेजारी उभे राहून सांगतात, "लिहा, तुमची लायकी नाही." मी लिहिते, 'आपल्या सेवेविषयी काही बाबी निदर्शनास आणू इच्छिते.' ते विचारतात, "लिहिलं का लायकीचं?" मी मान डोलावते. कंपनीचं पहिलं उत्तर माणूस लिहीत नाही. त्यात 'आम्हाला खेद आहे' असतं. दुसऱ्यात 'अत्यंत खेद' असतो. तिसऱ्या पत्रापासून खेद कमी होतो आणि खरं बोलणं सुरू होतं.

मलकापूरचे एक कापसाचे व्यापारी आले होते. त्यांचं विमान उशिरा सुटलं ते सुटलंच, पण त्यात ते नव्हते. उशीर आहे म्हणून खुर्चीवर आडवे झाले, झोप लागली, आणि विमान निघून गेलं. "त्यांनी उठवायला नको का?" ते मला विचारत होते. "आमच्या इथं रेल्वेत पण शेजारचा उठवतो." ती तक्रार मी लिहिली नाही. पण त्यांचं म्हणणं मला आजही अगदीच चूक वाटत नाही.

देऊळगाव राजाच्या एक आजी तिरुपतीहून येताना दिवसभर विमानतळावर अडकल्या. मुलगा भरपाई मागायला त्यांना घेऊन आला. मी विचारलं, काय त्रास झाला? आजी म्हणाल्या, "कायचा त्रास वो? गार हवा, बसाले खुर्ची, संडास चकचकीत. कोणी उठ म्हणलं नाही की चहा टाक म्हणलं नाही." मुलगा म्हणाला, "आई, असं नाही सांगायचं." आजी म्हणाल्या, "मंग खोटं सांगू? आताच बालाजी पाहून आली ना मी?" मी अर्ज मिटवून टाकला.

पण हे सगळं मी ज्यांच्यासाठी लिहायला घेतलं ते वासुदेवकाका.

काका अमडापूरचे. दोन एकरांत वांगी, मेथी, कोथिंबीर करतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी, भर दुपारी ते दुकानात आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी. पिशवी त्यांनी जमिनीवर ठेवली नाही, मांडीवर घेऊन बसले. सुनीलभाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा ते मला म्हणाले, "बाई, मले पैसे नको. त्या विमानवाल्यांनी फक्त माह्या बहिणीले सांगावं."

"काय सांगावं?"

"का मी निंघालो होतो टायमावर."

हकिगत अशी होती. त्यांची धाकटी बहीण सिंधू. लग्न होऊन बेंगळुरूला गेली, तिच्या मालकांची तिकडे कारखान्यात नोकरी. भावाबहिणीत बोलणं बंद होतं. कारण टोपी. काकांच्या मुलाच्या लग्नात पाहुण्यांना टोपी-उपरणं देताना गर्दीत नेमके सिंधूचे मालकच राहून गेले. कोणाच्या लक्षात आलं नाही; सिंधूच्या आलं. ती जेवण न करता निघून गेली आणि त्यानंतर राखीसुद्धा आली नाही.

आता तिच्या मुलीचं, ऋतुजाचं लग्न निघालं. नवरीला मांडवात हाताला धरून आणतो तो मामा. बोहल्यावर ती नेसते ती पिवळी साडी मामाची. मामा एकच, वासुदेवकाका. ऋतुजानं आईला न विचारता मामांना फोन केला आणि स्वतःच्या कार्डावरून विमानाचं तिकीट काढून पाठवलं. ती म्हणाली, "मामा, हळदीला या." काका म्हणाले, "हळदीले नाही, लग्नाले येतो." इतक्या वर्षांनी बहिणीच्या घरी एकदम मुक्काम करायचा संकोच वाटला. म्हणून सकाळचं विमान, संध्याकाळचं गोरज मुहूर्ताचं लग्न.

विमान सकाळी सुटलं नाही. आधी म्हणाले थोडा वेळ, मग दुपार, मग नुसतंच "अनाउन्समेंट होईल." काकांनी ऋतुजाला फोन केला, तिनं आईला सांगितलं. सिंधूताई म्हणाल्या, "विमानाले कुठं एवढा उशीर होते? निंघालाच नसन तो. टोपीवरून मी रुसून निंघाली, त्याचं उसनं फेडून राह्यला." गोरज मुहूर्ताला काका अजून विमानतळाच्या खुर्चीत होते. ऋतुजाला मांडवात तिच्या चुलत्यांनी आणलं. साडी बाजारातून आणलेली नेसली. रात्री काका कार्यालयात पोचले तेव्हा खुर्च्या एकात एक घालून रचणं चालू होतं.

"बहीण काही बोलली?" मी विचारलं.

"ताट वाढलं तिनं. मी म्हणलो पोट भरलंय." ते पिशवीकडे बघत राहिले. "तिचं तेच बसलं मनात. म्हणते, उशीर खरा असन तर एक डाव समजून घेईन, पण माह्या पोरीच्या लग्नाचा घास नाही घेतला यानं. ताट परत केलं."

पिशवीच्या तोंडातून पिवळा काठ दिसत होता. साडी ते परत घेऊन आले होते. लग्न लागून सासरच्या साडीत उभ्या असलेल्या नवरीला ती कशी द्यायची, ते त्यांना समजलं नव्हतं.

मी अर्ज उघडला. त्यात 'झालेले नुकसान' असा रकाना असतो. मी विचारलं, इथे काय लिहू?

काका म्हणाले, "लिहा, पोरगी मामाशिवाय मांडवात आली."

मी इंग्रजीत लिहिलं की, 'घरगुती कार्यक्रमास उपस्थित राहता आले नाही.' ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. माझ्या शाळेनं मला तेवढंच शिकवलं होतं. मामा म्हणजे कोण हे सांगायला मला दुसरं काही सुचलं नाही.

पुढचा प्रश्न नेहमीचा. "कंपनीनं खायला-प्यायला दिलं का?"

"त्याचं काही लिहू नका," काका म्हणाले. "पोरं चांगली होती तिथली."

मी तो रकाना मोकळा सोडला. का, असं विचारलं नाही. लोकांना दुसरा प्रश्न विचारायचा नाही हा माझा स्वभाव आहे. मलाही कोणी दुसरा प्रश्न विचारलेला आवडत नाही. एरवी या कामात तो फार उपयोगी पडतो, लोक मोकळे होतात. त्या दिवशी मात्र मी विचारायला हवं होतं.

बहिणीला पटवायला पैसे नव्हे, पुरावा हवा, हे मला कळलं. म्हणून आधी विमान उशिरा सुटल्याचा दाखला मागवला. तो मिळतो, मागावा लागतो एवढंच. कंपनीच्या नावाचा, सहीशिक्क्याचा दाखला आला तेव्हा मी मनातून खूश झाले. ऋतुजाच्या फोनवर पाठवला. दोन दिवसांनी काका आले, टोपी हातात.

"काय म्हणाल्या?"

"कागद कोणीबी देते म्हणे. ताट काऊन परत केलं ते इचार त्याले, म्हणे."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"त्यात काय सांगाचं," म्हणाले आणि टोपी घालून निघाले. दारात थांबून म्हणाले, "मिटवून टाका आता ते प्रकरण. तुमचा टाइम चाल्ला."

माझा वेळ जात नव्हता. उलट मला हट्ट चढला होता. इतक्या उशिराला दुसरं विमान घ्या किंवा पैसे घ्या असं काकांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि दुपारी निघणारं दुसरं विमान होतं. त्यात बसवलं असतं तर मामा मांडवात पोचले असते. खेदाची पत्रं येत राहिली, मी लिहीत राहिले. शेवटी कंपनीनं कळवलं की तिकीट ज्यांच्या खात्यातून काढलं त्यांच्याशी फोनवर खात्री केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

म्हणजे ऋतुजा हवी. ती तेव्हा माहेरी आली होती. दिवस ठरला. मी काकांनाही बोलावलं, कारण प्रवासी ते होते. कंपनीच्या बाई एका बाजूला, ऋतुजा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये माझा फोन. काकांना थोडं कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावला. सुनीलभाऊंनी पंखा बंद केला.

बाई हिंदीत बोलत होत्या. आवाज तरुण होता, माझ्याच वयाचा असावा. आधी ऋतुजाचं नाव, जन्मतारीख वगैरे विचारून झालं. मग मी माझं म्हणणं मांडलं, म्हणजे समोर लिहून ठेवलेलं वाचलं. तोंडानं भांडायचं असलं की मी आधी लिहून ठेवते. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, हमारी तरफ से पूरा ध्यान रखा गया था. रेकॉर्ड में लिखा है, पॅसेंजर को सुबह नाश्ता और दोपहर में खाना, दोनों दिया गया. पॅसेंजर ने दोनों बार मना किया."

मी काकांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. काय उत्तर द्यावं ते माझ्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात फोनमधून तिसराच आवाज आला, मोठा, एकदम आपल्याकडचा. "काऊन मना केलं?"

काका खुर्चीतून उठले. "सिंधू?"

"मी इचारून राह्यली, काऊन मना केलं? घरून तर अंधारात निंघाला असशीन."

"पोट भरलेलं होतं."

"सकाळी भरलेलं, दुपारी भरलेलं, अन् रातीले माह्या दारात आला तवा बी भरलेलंच! असं काय खाऊन निंघाला होता रे दादा?"

कंपनीच्या बाई म्हणाल्या, "हॅलो? मॅडम, आप लाइन पर हैं?" मी पुटपुटले, "एक मिनट."

मग काका फोनच्या अगदी जवळ वाकले, जणू तो फोन नव्हे, समोर बसलेलं माणूसच आहे. "सिंधे," ते म्हणाले, "पोरगी मांडवात आणेपर्यंत मामाले खाता येते का?"

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

हे मला माहीत नव्हतं. कन्यादान होईपर्यंत नवरीचे आईवडील उपास धरतात हे माहीत होतं. त्यांच्या घरच्या रितीत नवरीला मांडवात आणणारा मामाही तोवर नुसत्या पाण्यावर राहतो. सिंधूताईंच्या लग्नात त्यांचा मामा तसाच राहिला होता. म्हणून त्यांना एका वाक्यात कळलं.

"पाणी तरी पेला का?" त्यांनी विचारलं. आवाज आता मोठा नव्हता.

"पाणी पेलो. चांगली पोरं होती. दोन डाव घेऊन आली डबा."

"मंग रातीले? रातीले तर झालं होतं ना लग्न! मी वाढलं होतं ना ताट!"

"आणलंच नाही मी तिले मांडवात," काका म्हणाले. "तर सोडू कशावर?"

सुनीलभाऊ उगाचच लॅमिनेशनच्या मशीनकडे गेले. बंद मशीनचं बटण दाबून परत आले.

"अन् हे तोंडानं सांगाले काय झालं होतं तुले? बावळट! मी इकडं जळून राह्यली इतके दिवस."

"उपास कोणी सांगत असते का? अन् तुले काय वाटलं होतं?"

"टोपीचं वाटलं."

"टोपीचं?" काका हसले की काय झालं, मला नीट कळलं नाही. "ते तर मी कवाच इसरलो."

"तू इसरशीनच! दिली नव्हती कोणी? तूच ना? मी नाही इसरली."

मागून ऋतुजा म्हणाली, "आई, कंपनीवाल्या मॅडम लाइनवर आहेत."

"राहू दे. त्याईले बी ऐकू दे."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. कंपनीच्या कामकाजाच्या वेळेत हे सगळं चाललं होतं, आणि संभाषण रेकॉर्ड होतंय असं सुरुवातीलाच सांगितलं होतं. मी माफी मागितली आणि काय चाललंय ते हिंदीत थोडक्यात सांगितलं. बाई क्षणभर थांबल्या. मग नेहमीच्या पाठ केलेल्या सुरात नव्हे, जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "कोई बात नहीं, मॅडम. हमारे यहाँ भी मामा के बिना फेरे नहीं होते." आणि लगेच, मूळ सुरात, "क्या मैं आपकी और कोई सहायता कर सकती हूँ?"

मी नेहमी इथे 'नाही' म्हणते. त्या दिवशी म्हणाले, "हो. दुपारचं दुसरं विमान होतं. तुम्ही त्यांना विचारलं नाही." कागदात न बघता. पुढचं मीच बोलले, किती वेळ ते आठवत नाही. आवाज थरथरत होता, पण होता.

तिकिटाचे पैसे ऋतुजाच्या कार्डावर परत गेले. शिवाय काकांच्या नावानं एक व्हाउचर आलं, त्याच कंपनीच्या पुढच्या प्रवासासाठी. काकांना मी फोन करून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्याच कंपनीचं? बरं, ठीक आहे. ओळख झाली आता."

पावसाळा सरला. दिवाळीच्या थोडं आधी काका दुकानात आले. माझ्यासाठी मेथीची जुडी आणि वांगी आणली होती. दुसऱ्या हातात तीच कापडी पिशवी होती, आणि या खेपेला तिच्यात पिवळ्या साडीवर एक कोरी टोपी आणि घडी केलेलं उपरणं होतं.

"भाऊबीजेले बोलावलं तिनं," ते म्हणाले. "व्हाउचर चालते ना?"

"चालतं. भाऊबीजेच्या सकाळचं काढू?"

"नाही वो बाई. दोन दिवस आधीचं काढा. मुक्कामाले चाल्लो."

मी तिकीट काढायला घेतलं. नाव, वय, खिडकीची जागा. खिडकीचे जास्त पैसे पडत होते. ते म्हणाले, असू द्या. मग पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला, विमानात जेवण हवं का? आमच्या गिऱ्हाइकांसाठी मी तो न विचारताच पुढे ढकलते, कारण विमानातलं महाग पडतं आणि आपली माणसं घरून पोळीभाजी बांधून नेतात. पण काकांना मी विचारलं. दुसरा प्रश्नही तयार ठेवला होता, का नको म्हणून.

"जेवण घालू का, काका?"

"नको," ते पिशवीचं तोंड नीट करत म्हणाले. "सैपाक करून ठेवते म्हणे ती. उपाशीच जातो."

मी 'नको'वर बोट ठेवलं. दुसरा प्रश्न काही विचारावा लागला नाही.